वाचकांचे प्रश्न : नाताळ, जयंती आणि देहधारण

या महिन्याच्या टपालात नाताळविषयी बरीच पत्रे आली. केक, रोषणाई आणि सांताक्लॉज यांची विचारणा करणारी पत्रे बाजूला ठेवून ज्यांनी सणाच्या धार्मिक अर्थालाच हात घातला आहे, तेवढीच येथे घेतली आहेत. उत्तरे देणारा मी वसईच्या कॅथलिक परंपरेत वाढलेला आहे. इतर ख्रिस्ती पंथांचे म्हणणे जेथे वेगळे पडते, तेथे ते वेगळे म्हणूनच सांगितले आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत २५ डिसेंबरला मुलांसाठी छोटा कार्यक्रम असतो. आज येशू ख्रिस्ताची जयंती, असे मी दर वर्षी मुलांना सांगते. यंदा शेजारच्या ख्रिस्ती काकू हसून म्हणाल्या, "जयंती म्हणा हो, पण आमच्यासाठी ती नुसती जयंती नाही." मग काय आहे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : काकूंनी एका वाक्यात मुद्दा सांगितला आहे. जयंतीला आपण ज्या थोर व्यक्तीचे स्मरण करतो, तिचा जन्म हे निमित्त असते; गौरव होतो तो तिने पुढे केलेल्या कार्याचा. नाताळला ख्रिस्ती माणूस त्या बाळाने मोठेपणी काय शिकवले, कोणाला बरे केले, याकडे त्या दिवसापुरता फारसा वळतच नाही. त्याच्या लेखी जन्म हीच घटना आणि जन्म हीच वार्ता : ज्याने विश्व निर्माण केले तो परमेश्वर एका स्त्रीच्या पोटी नऊ महिने वाढला आणि दुधासाठी रडणारे, बाळंत्यात गुंडाळलेले मूल झाला. याला ख्रिस्ती लोक देहधारण म्हणतात, आणि नाताळ हा त्या देहधारणाचा सण आहे.

याची खूण उपासनेतच सापडते. कॅथलिक परंपरेत नाताळच्या तीन मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, असतात : मध्यरात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. मध्यरात्री लूकच्या शुभवर्तमानातील, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रग्रंथातील, जन्मकथा वाचली जाते, पहाटे मेंढपाळ बाळाला पाहायला जातात तो भाग येतो, आणि दिवसाच्या मिस्सेत योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचतात, ज्यात ना गोठा आहे, ना मेंढपाळ, ना मरिया. तेथे आहे तो 'शब्द' : जो प्रारंभी देवाजवळ होता, जो स्वतः देव होता, आणि जो देही होऊन माणसांत वस्तीला आला. मुले नवे कपडे घालून चुळबुळत बसलेली असताना, सणाच्या ऐन दिवशी, बाळाच्या जन्माची कथाच नसलेला उतारा वाचायचा, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. परंतु चर्चला त्या दिवशी जे सांगायचे असते, ते सगळे त्या उताऱ्यात आहे. नाताळच्या मिस्सेत विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना 'मनुष्य झाला' या शब्दांपाशी सगळी मंडळी गुडघे टेकते. एरवी त्या ओळीला नुसते मस्तक लववतात. गुडघे टेकण्याचे दिवस दोनच, २५ डिसेंबर आणि २५ मार्च. यांपैकी दुसरा हा देवदूताने मरियेला निरोप दिल्याचा, म्हणजे येशूच्या गर्भधारणेचा सण.

तेव्हा मुलांना सांगायचेच झाले, तर 'आजच्या दिवशी देव माणूस होऊन आला, असे ख्रिस्ती लोक मानतात,' एवढे सांगा. काकूंची तक्रार राहणार नाही.

प्रश्न : देव माणूस होऊन आला म्हणजे तो अवतारच की! आमच्याकडे दहा, त्यांच्याकडे एक. मग ख्रिस्ती मंडळी 'अवतार' म्हणायला का बिचकतात? (एक वाचक, मिरज)

उत्तर : सगळेच बिचकत नाहीत. मद्रासचे ख्रिस्ती विचारवंत वेंगल चक्कराई यांनी १९२०च्या दशकात येशूची मांडणी उघडपणे अवतार म्हणूनच केली. आपल्याकडे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक, आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे सांगत, आणि त्यांची गीते मराठी मंडळ्यांमध्ये आजही गायली जातात. त्याच्याही पुष्कळ आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघातील इंग्रज धर्मगुरूने गोव्यातील राचोल येथे छापलेल्या आपल्या पुराणात ही सगळी कथा मराठी ओवीत बांधली होती. म्हणजे ख्रिस्ती विचार या मातीतल्या कल्पनांच्या जवळ येऊन बसलेला आहे. तो कोठे थांबतो, एवढेच पाहायचे.

पहिली अडचण 'एकदाच' या आग्रहाची आहे. गीतेतील भगवंत धर्माला ग्लानी येईल तेव्हा तेव्हा, युगायुगांत संभवण्याचे आश्वासन देतात. ख्रिस्ती श्रद्धेत तसे पुन्हा पुन्हा येणे नाही : आला तो एकदा, आणि आता येईल तो जगाच्या शेवटी. म्हणून ती घटना काळाच्या खुंटीला घट्ट बांधण्याची त्यांना फार निकड वाटते. अनेक चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिस्सेपूर्वी एक जुनी घोषणा गातात. तिच्यात अब्राहाम, मोशे, दावीद यांच्यापासून किती काळ लोटला हे सांगून झाल्यावर गायक म्हणतो, की १९४वे ऑलिंपियाड (ग्रीकांचे चार वर्षांचे कालमान) चालू असताना, रोम नगरी वसल्याच्या ७५२व्या वर्षी, ऑगस्टस कैसराच्या राजवटीच्या ४२व्या वर्षी, यहूदियातील बेथलेहेमात येशूचा जन्म झाला. हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला असे मानतात आणि शुभवर्तमानानुसार येशू त्याच्या हयातीत जन्मला, तेव्हा हा हिशेब काही वर्षांनी चुकतो. तरी घोषणा गाणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही, कारण 'कोणे एके काळी' असे म्हणायचे नाही, हा त्या आकड्यांचा मतलब आहे.

दुसरी गोष्ट माणूसपणाची, आणि येथेच खरी मेख आहे. पहिल्या काही शतकांत असे सांगणारे गट होते, की देव कसा भुकेला राहील, देव कसा मरेल. येशूचे शरीर हा नुसता भास होता, असे ते म्हणत. चर्चने हे मत ठामपणे नाकारले. ३२५ साली नायसियाच्या परिषदेने येशू पूर्णपणे देव आहे असे ठरवले, ४३१ साली एफेसच्या परिषदेने म्हणूनच मरियेला 'देवाची माता' म्हणणे योग्य मानले, आणि ४५१ साली खल्किदोनच्या परिषदेने तो खरा देव आणि खरा माणूस आहे, पाप वगळता सर्व बाबतींत आपल्यासारखा आहे, असे शब्द घालून दिले. अर्धा देव आणि अर्धा माणूस, किंवा माणसाच्या वेशातील देव, या दोन्ही कल्पना तेथे बाद झाल्या. खल्किदोनची शब्दरचना मान्य नसलेली प्राचीन चर्चेसही आहेत, परंतु येशूचे देवपण आणि माणूसपण दोन्ही ती मानतात.

येथे काही ख्रिस्ती प्रवचनकार घाईने म्हणतात, की हिंदू अवतार हे नुसते देवाचे सोंग आणि आमचा येशू तेवढा खरा माणूस. हे मला पटत नाही. राम सीतेसाठी झाडांना आणि वेलींना विचारत फिरतो, श्रीकृष्णाला पारध्याचा बाण लागतो. या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला अवतार दुःखापासून अलिप्त असतो असे सांगणे उद्धटपणाचे आहे. फरक सांगायचा तर तो नंतरच्या अध्यायात अधिक स्पष्ट दिसतो. कार्य आटोपल्यावर अवतार निजधामास जातो. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण राहतात आणि तो त्या देहासकट स्वर्गात जातो. बेथलेहेमात घेतलेले माणूसपण देवाने परत उतरवून ठेवलेले नाही. चक्कराई अवतार म्हणतात तेव्हाही तो कायमचा आहे, हे ते आवर्जून सांगतात. तेव्हा 'अवतार' म्हटल्याने कोणी ख्रिस्ती माणूस रागावणार नाही, पण हे तीन मुद्दे तो जोडू पाहील, हे धरून चाला.

प्रश्न : नाताळच्या गाण्यांत 'तारणारा जन्मला' असे सारखे येते. कशापासून तारणारा? आम्ही सगळे बुडत आहोत, असे तुम्हां लोकांना वाटते का? प्रश्न तिरकस आहे, राग नसावा. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : राग कसला? प्रश्न रास्त आहे, आणि बुडणाऱ्यांत ख्रिस्ती माणूस स्वतःचे नाव पहिले घालतो, हे आधी सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात देवदूत स्वप्नात मरियेचा पती योसेफ याला सांगतो, की बाळाचे नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. पाप म्हणजे चोरी, खोटेपणा यांची यादी एवढाच अर्थ येथे नाही. माणसाचे देवाशी आणि म्हणून शेजाऱ्याशी असलेले नाते आतून मोडलेले आहे आणि ते माणसाला आपल्या बळावर सांधता येत नाही, असे ख्रिस्ती निदान आहे. माणसाला वर चढून देवापर्यंत जाता येत नाही, म्हणून देव खाली उतरला, असे नाताळचे प्रवचन बहुधा सांगते.

मात्र उतरल्याने नेमके काय साधले, यावर ख्रिस्ती परंपरांचा सूर एक नाही. चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस म्हणतो, की माणसाला देवत्वात सहभागी होता यावे म्हणून देव माणूस झाला. ग्रीक, रशियन, अरबी ऑर्थोडॉक्स चर्चेस आजही याच अंगाने बोलतात. त्यांच्या दृष्टीने मानवी देहाला देवाचा स्पर्श झाला, तेव्हाच बरे होण्यास सुरुवात झाली. पश्चिमेकडे, विशेषतः अकराव्या शतकातील धर्मपंडित अँसेल्मनंतर, भर पडला तो पापाच्या ऋणावर आणि ते क्रुसावर फेडले जाण्यावर. आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतले पाळक बहुतांशी याच पद्धतीने बोलतात : तो मरण्यासाठी जन्मला.

मध्ययुगात तर असा वाद झाला, की माणसाने पापच केले नसते तर नाताळ झाला असता का? धर्मपंडित थॉमस अक्विनास यांचा कल नकाराकडे होता, कारण पवित्र शास्त्र देहधारणाचे कारण पाप हेच देते. १३०८ साली वारलेला, संत फ्रान्सिसच्या संघातील धर्मपंडित डन्स स्कॉटस म्हणाला, की एवढी मोठी गोष्ट देव केवळ दुरुस्तीसाठी करील हे संभवत नाही; माणसावरील प्रेमापोटी तो आलाच असता. चर्चने दोघांपैकी कोणालाही खोटे ठरवलेले नाही. मला स्वतःला स्कॉटसचे म्हणणे जवळचे वाटते, परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला शिकवले गेले ते अक्विनासचे.

कोणत्याही बाजूने गेलात तरी गव्हाणी आणि क्रूस यांना ख्रिस्ती माणूस वेगळे करीत नाही. ऑर्थोडॉक्स चर्चच्या जन्मचित्रांत बाळ गुहेत असते, त्याची बाळंती प्रेतवस्त्रासारखी आवळलेली असतात आणि गव्हाणी दगडी शवपेटीसारखी दाखवलेली असते. मागी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी आणलेल्या सोने, ऊद आणि गंधरस या भेटींपैकी गंधरस पुढे येशूच्या दफनाच्या वेळी पुन्हा दिसतो. कॅथलिक पंचांगात नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाचा सण येतो आणि २८ला हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा. घराघरांत अजून पाहुण्यांसाठी गोडाचे डबे उघडत असतात, आणि चर्चमध्ये रक्तवर्णी वस्त्रे निघालेली असतात.

या सगळ्याला आणखी एक बाजू आहे आणि ती प्रवचनात वारंवार गाळली जाते, म्हणून येथे नोंदवतो. गरोदर मरियेच्या तोंडी लूकने एक गीत घातले आहे. त्यात ती म्हणते, की देवाने सत्ताधाऱ्यांना आसनांवरून खाली ओढले, दीनांना उंच केले, भुकेल्यांना तृप्त केले आणि धनवानांना रिकाम्या हाताने परत पाठवले. तारण हे मनातल्या पापापुरते ठेवले की ही ओळ अडचणीची होते; उलट काही धर्मगुरू तेवढीच ओळ उचलून नाताळला निव्वळ सामाजिक क्रांतीचा दिवस करतात, तेव्हा योसेफाला मिळालेला निरोप बाजूला पडतो. उतारशाळेत जागा न मिळालेल्या कुटुंबात देव जन्मला, या कथेत दोन्ही गोष्टी आहेत.

प्रश्न : मुलीने शाळेत नाताळचा गोठा केला. तीन राजे, मेंढपाळ, बैल, गाढव हे सगळे एकाच वेळी तेथे होते का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बायबलमध्ये नाही. मेंढपाळ आणि गव्हाणी लूकमध्ये आहेत. तारा आणि पूर्वेकडून आलेले मागी मत्तयात आहेत, आणि ते घरात आले असे तेथे म्हटले आहे. ते राजे होते असे मत्तय म्हणत नाही आणि तीन होते असेही नाही; भेटी तीन, म्हणून माणसे तीन झाली. बैल आणि गाढव जन्मकथेत नाहीतच. ते आले यशयाच्या ग्रंथातून, जेथे संदेष्टा हळहळून म्हणतो, की बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढवाला आपल्या मालकाची गव्हाण ठाऊक असते, पण माझे लोक मला ओळखत नाहीत. म्हणजे गोठ्यातली ती दोन जनावरे पाहणाऱ्याला टोमणा मारण्यासाठी उभी आहेत, हे सजावट करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

गोठ्याची प्रथा रूढ झाली ती असिसीच्या संत फ्रान्सिसपासून. त्याने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे खरा बैल, खरे गाढव आणि गवताने भरलेली गव्हाणी आणवून तेथेच मिस्सा करविली. आमच्याकडे गोठ्यावर भाताचा पेंढा शाकारतात, आणि काही घरांत आधीच ताटलीत नाचणी पेरून तिचे कोवळे हिरवे अंकुर गवत म्हणून लावतात. धार्मिक दृष्टीने पाहण्यासारखी गोष्ट अशी, की पद्धत पाळणाऱ्या घरात २४च्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी असते, आणि राजे लांब ठेवून रोज थोडे पुढे सरकवतात, कारण त्यांचा दिवस ६ जानेवारीचा. गोव्यात कासावली, आरोशी आणि कुवेली या गावांतून त्या दिवशी राजाच्या पोशाखातील तीन मुले घोड्यांवरून वेगवेगळ्या वाटांनी टेकडीवरच्या चॅपलकडे निघतात. यहुदी नसलेल्या जगालाही तो प्रकट झाला, असा त्या सणाचा अर्थ. भारतातल्या ख्रिस्ती माणसाला खरे तर नाताळइतकाच हा सण आपला वाटायला हवा.

प्रश्न : २५ डिसेंबर ही तारीख रोमन सूर्योत्सवाची असून चर्चने ती उचलली, असे वाचले. खरे काय? (एक वाचक, लातूर)

उत्तर : बायबलमध्ये तारीख नाही. रोममध्ये २५ डिसेंबरची नोंद आढळते ती ३५४ सालच्या एका संग्रहात, आणि तिच्यातील मजकूर ३३६ सालचा मानतात. सम्राट ऑरेलियनने २७४ साली अजिंक्य सूर्याची उपासना राजाश्रयाने सुरू केली होती, तेव्हा सूर्योत्सवाचा तर्क निराधार नाही. दुसरा तर्क गणिताचा आहे : येशूचा मृत्यू आणि गर्भधारणा दोन्ही २५ मार्चला धरून पुढे नऊ महिने मोजले, की हीच तारीख येते. अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही. श्रद्धावंताचे त्यावाचून अडत नाही. आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला जन्मोत्सव करते, रशियन ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या पंचांगामुळे ७ला करते, आणि कोणी कोणाला पाखंडी म्हणत नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसातले एक ख्रिस्ती गृहस्थ नाताळ पाळतच नाहीत. हे कसे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काही ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या, बायबलमध्ये आज्ञा नाही म्हणून हा सण करीत नाहीत, देहधारणावर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास असतो. यहोवाचे साक्षीदार सण पाळत नाहीत आणि त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा, सिद्धान्तही मानत नाहीत, तेव्हा त्यांची गोष्ट वेगळी. हा विरोध जुना आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन (कडव्या प्रॉटेस्टंट) वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. गंमत अशी, की त्याच भागातील मंडळ्यांच्या पाठबळावर पुढे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरला आले, आणि आज नगरच्या मंडळ्यांमध्ये नाताळ दणक्यात होतो.

प्रश्न : मध्यरात्रीच्या मिस्सेला आम्ही गेलो तर चालेल का? प्रसाद घ्यावा का? आणि शुभेच्छा द्यायला २५लाच जायला हवे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अवश्य जा, कोणी अडवणार नाही. ख्रिस्तप्रसाद मात्र घेऊ नये. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे तो येशूचे शरीरच आहे, आणि बाप्तिस्मा होऊन रीतसर तयारी झालेल्या कॅथलिकांनाच तो दिला जातो. ती रांग सरकत असताना जागेवर बसून राहण्यात काहीही अवमान नाही. प्रॉटेस्टंट मंडळीत प्रभुभोजन असेल तर तेथेही हेच धोरण ठेवावे. शुभेच्छांचे म्हणाल, तर डिसेंबरच्या सुरुवातीपासून २४च्या दुपारपर्यंत आगमनकाळ असतो, धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात आणि तो वाट पाहण्याचा काळ मानतात. नाताळचा काळ २४च्या सायंकाळी सुरू होऊन प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत चालतो. २५ला घरात पाहुण्यांची गर्दी असते, तेव्हा २७-२८ला किंवा नववर्षानंतर गेलात तर निवांत बोलणे होईल, आणि गोठाही अजून मांडलेलाच असेल.